पान जळलं म्हणजे तण मेलं असं नाही

जूनचा तिसरा आठवडा आला की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "तणाला काय मारू? औषध की काहीतरी घरगुती?" आणि दरवर्षी मी तितकीच वैतागते. प्रश्न विचारणाऱ्यावर नाही, प्रश्नावर. या वाटणीत सगळं तण एक होऊन जातं आणि बाटल्या तेवढ्या दोन उरतात.

एका बाजूला ग्लायफोसेट हे तणनाशक. बोलताना सगळे त्याला 'राउंडअप'च म्हणतात, बाटली कुठल्याही कंपनीची असो. दुसऱ्या बाजूला फॉरवर्ड होऊन होऊन झिजलेलं ते मिश्रण: एक लिटर पांढरं व्हिनेगर, पाव किलो मीठ, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड. पहिलं विष, दुसरं स्वयंपाकघरातलं म्हणून सात्त्विक.

ग्लायफोसेटची कुंडली बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर. मोन्सॅन्टोने ते १९७४ मध्ये बाजारात आणलं, २०१८ मध्ये ती कंपनी बायरने घेतली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २-ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग करू शकणाऱ्या पदार्थांत टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला ते पटलं नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच करावी असं बंधन घातलं. व्हिनेगरची कुंडली त्याहून छोटी: चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, बाकी पाणी. जाता जाता बाटलीवरचं लेबल वाचा. आपल्या किराणा दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरवर बहुतेक वेळा 'सिंथेटिक' असंच लिहिलेलं असतं, कारण ते कारखान्यातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पातळ करून केलेलं असतं. तर 'केमिकल नको, व्हिनेगर मारा' हे वाक्य माझ्यासमोर तरी बोलू नका.

आता मुख्य मुद्दा. तणावर मारायच्या गोष्टी दोन जातींच्या असतात. एक जिथे पडते तिथेच जाळते. दुसरी पानातून आत शिरते आणि झाडाच्या रसाबरोबर मुळापर्यंत उतरते. पहिलीला स्पर्शजन्य म्हणतात, दुसरीला आंतरप्रवाही. नावं विसरलात तरी चालेल, पण बाटली हातात घेताना हे एवढं विचारायचं: हे जाळणारं आहे की उतरणारं?

व्हिनेगर जाळणारं आहे. उकळतं पाणी जाळणारं आहे. आणि लक्षात घ्या, पॅराक्वाट हे अस्सल रासायनिक, महाजहाल तणनाशकसुद्धा जाळणारंच आहे. उन्हात मारलं की काही तासांत पान करपतं, मूळ मात्र शाबूत. म्हणजे कामाची रीत पाहिली तर व्हिनेगरचा भाऊ ग्लायफोसेट नव्हे, पॅराक्वाट. (भाऊ फक्त रीतीपुरता. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, घोटभरही जीव घेऊ शकतं, युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. घराच्या बागेत ते कुणी आणू नये, त्यावर माझ्याकडे चर्चा नाही.)

ग्लायफोसेट उतरणारं. झाडाला स्वतःची काही अमिनो आम्लं बनवण्यासाठी एक विकर (एन्झाइम) लागतं, ग्लायफोसेट नेमकं तेच अडवतं. झाड उपाशी पडत जातं, मुळापासून शेंड्यापर्यंत. म्हणूनच ते सावकाश दिसतं. पहिले तीन-चार दिवस काहीच नाही. आठवड्याने पिवळेपणा, दोन आठवड्यांनी वाळकं. व्हिनेगर मात्र दुपारी मारलं की संध्याकाळी पानं तपकिरी. आणि इथेच माणूस फसतो. डोळ्याला जे लवकर दिसतं ते जास्त जालीम वाटतं. "तुमच्या त्या औषधापेक्षा माझं व्हिनेगर भारी, चार तासांत काम तमाम!" काम पानाचं तमाम झालेलं असतं.

पटत नसेल तर एकदा लव्हाळा खणून बघा. माझ्या मागच्या वाफ्यात गेल्या श्रावणात एक जागा खुरप्याने नाही, कुदळीने खणली. वर बोटभर उंचीचं, तकतकीत, तीन बाजू असलेल्या दांड्याचं गवत. ओढलं की हातात येतं, 'निघालं' असं वाटतं. वीतभर खाली गेल्यावर तारेसारखा काळपट धागा लागला, त्याला एक गाठ, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, केसाळ. धागा पुढे गेला, दुसरी गाठ. मग तिसरी. एका धाग्याला पाच मोजल्या, सहावीपाशी धागा तुटला. एक गाठ नखाने चिरली तर दिवाळीच्या पहाटेचा वास आला. येणारच, उटण्यात पडतो तो नागरमोथा हाच. त्या माळेतल्या सगळ्या गाठी एकदम उगवत नाहीत, बऱ्याच झोपलेल्या असतात. माळ तुटली की झोपलेल्या जाग्या होतात. म्हणून लव्हाळा रागारागाने खणणारा माणूस एकाचे पाच करून ठेवतो. आता या माळेवर, जमिनीच्या वरच्या दोन पात्यांवर, व्हिनेगर शिंपडून काय होणार? दोन पाती करपणार आणि आठ-दहा दिवसांत खालून नवी येणार. महिनाभर दर आठवड्याला मारत राहिलात तर गाठी थकतील कदाचित, पण तोवर तुमच्या पगारातलं व्हिनेगरचं खातं वेगळं काढावं लागेल.

हरळीचंही तेच, फक्त तिची मुळं आणि धावरे, म्हणजे आडवे पसरत जाणारे दांडे, जमिनीखाली-वर दोन्हीकडे पळतात. (हो, हरळी म्हणजेच दूर्वा. भाद्रपदात एकवीसची जुडी विकत आणायची आणि आषाढात तिच्या नावाने बोटं मोडायची, हा आपला वार्षिक कार्यक्रम.)

याच्या उलट गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा. पन्नाशीच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता कुठे नाही ते सांगा. याची एवढी दहशत आहे की लोक त्याच्यासाठी सरळ ग्लायफोसेट शोधतात. कशाला? त्याला ना गाठी, ना धावरे. एक सोटमूळ. पावसाने माती मऊ असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून उपटा, संपलं. हातमोजे मात्र हवेतच, त्याच्या स्पर्शाने अंगावर उठतं. केना, दुधी (तण, भोपळा नव्हे), एकदांडी, कोवळा आघाडा हेही याच वर्गातले: कोवळेपणी खुरप्याने, किंवा फरशीच्या फटीत असतील तर चहाच्या किटलीतल्या उकळत्या पाण्याने जातात. घोळ उगवली असेल तर तिला तण म्हणू नका, भाजी करा.

म्हणजे आधी जमिनीखाली काय आहे ते बघायचं. खाली काही साठा नसेल तर जाळणारं पुरतं, आणि खरं तर खुरपंही पुरतं. खाली गाठी किंवा धावरे असतील तर एकतर उतरणारं हवं, नाहीतर वर्षभराचा चिवटपणा हवा.

उतरणाऱ्यालाही उतरायला वाट लागते, हे दुसरं विसरलं जाणारं. मी पाहिलेला सगळ्यात मोठा गोंधळ हा: आधी गवत कापायचं, मग 'मुळावर' म्हणून मातीत ग्लायफोसेट ओतायचं. मातीत पडलं की ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, मुळाला काही मिळत नाही. त्याला आत जायला हिरवं, वाढतं पान हवं. गढूळ पाण्यात कालवलं तर गाळालाच चिकटतं. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम त्याला धरून ठेवतो. आणि यावर कडी म्हणजे 'डबल अ‍ॅक्शन' म्हणून ग्लायफोसेटमध्ये व्हिनेगर-मीठ मिसळणारे. अहो, पानच जळालं तर औषध खाली नेणार कोण? दोन्ही एकत्र केल्यावर दुप्पट नाही, निम्मंही होत नाही.

आता त्या मिश्रणातल्या मिठाकडे येते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचा आहे. व्हिनेगर मातीत पडून काही दिवसांत विरून जातं. ग्लायफोसेट मातीतले जिवाणू हळूहळू मोडतात, आठवडे लागतील, कधी महिने. मीठ मोडत नाही. मोडायला त्यात काही नसतंच. पावसाने धुऊन खाली जाईल तेव्हा जाईल, आणि आपल्या काळ्या मातीत पाणी खाली जाताना किती नखरे करतं ते तुम्हाला माहीत आहे. काळ्या मातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून ती भुसभुशीत राहते. सोडियम आला की तो कॅल्शियमला हटवतो, कण सुटतात, ओली माती चिखलाची पेस्ट होते आणि वाळली की विटेसारखी. यालाच शेतकरी चोपण म्हणतात. शिरोळ, मिरज, वाळव्याकडच्या उसाच्या पट्ट्यात जाऊन विचारा. तिथे अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आणि लोक जिप्सम टाकून, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालून त्या परत मिळवायला धडपडताहेत. आणि आपण दहा बाय दहाच्या वाफ्यात पाव-पाव किलो मीठ हौसेने ओतायचं! खायचा सोडासुद्धा सोडियमच, त्याचंही कौतुक नको.

मिठाच्या बाजूने एकच खरी गोष्ट सांगता येते. गाजर गवतासाठी १५ ते २० टक्के मिठाच्या द्रावणाची फवारणी ही अधिकृत शिफारसच आहे. पण ती पडीक, उघड्या जागेसाठी, रस्त्याच्या कडेसाठी, जिथे दुसरं काही लावायचं नाही. शिफारशीतला हा अर्धा भाग फॉरवर्ड होताना गळतो.

मी काय करते? वाफ्यात खुरपं, आणि खुरपल्या खुरपल्या आच्छादन: चार-पाच पदरी वर्तमानपत्र ओलं करून, त्यावर वाळका पाला किंवा मिळालं तर उसाचं पाचट. उजेड मिळाला नाही की बी उगवत नाही, निम्मं काम तिथेच होतं. (लव्हाळा कागदातून वर येतो. तो प्लॅस्टिकच्या कागदालाही भोक पाडून येतो, त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही.) फरशीच्या फटीत उकळतं पाणी. एप्रिल-मेमध्ये रिकाम्या वाफ्याला पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कडेने मातीने दाबून सहा आठवडे ठेवते, वरच्या थरातलं बी शिजतं.

आणि लव्हाळ्याच्या त्या एका कोपऱ्यासाठी, हो, ग्लायफोसेट. गेल्या वर्षी परवानाधारक माणसाला बोलावलं. तो पाठीवर पंप घेऊन आला. मी पंप फाटकापाशीच ठेवायला सांगितला, कारण त्याच पंपाने सकाळी कुणाच्या लॉनवर टू-फोर-डी, म्हणजे रुंद पानांचं तण मारणारं औषध, मारलं असेल तर तळाशी राहिलेल्या थेंबांनी माझ्या टोमॅटोची पानं मुरडायला वेळ लागत नाही. भाद्रपदातली उघडीप होती, पुढचे सहा तास पाऊस नव्हता, गवत सहा-सात पानांवर होतं. तो एक इंची ब्रश घेऊन बसला आणि पात्यापात्याला लावत गेला. मध्येच म्हणाला, "ताई, असं काम तर रंगाऱ्याचं." म्हटलं, "रंगाऱ्याचेच पैसे देते." तीन आठवड्यांनी वाळकं गवत ओढलं तेव्हा पात्याला लागून असलेल्या गाठी आतून तपकिरी, कुजलेल्या निघाल्या. माळेतल्या लांबच्या, झोपलेल्या गाठी जिवंत होत्या. त्या दिवाळीनंतर उगवल्या, तेव्हा पुन्हा ब्रश.

मिठाचा अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे, कुणाला नावं ठेवायची सोय नाही. बारा वर्षांपूर्वी, ही सगळी अक्कल यायच्या आधी, फाटकापासून ओट्यापर्यंतच्या फरशीच्या कडेने मी दोन पावसाळे तेच मिश्रण ओतलं होतं. पहिल्या वर्षी कडा स्वच्छ. दुसऱ्या वर्षी दोन फुटांवरच्या मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, कळ्या गळल्या, मार्गशीर्षापर्यंत झाड गेलं. तिथे मग झेंडू लावला, तो जगला नाही. तिसऱ्या वर्षी त्या पांढुरक्या, टणक पट्ट्यात पहिली हिरवी रेघ दिसली तेव्हा मला काय आनंद झाला! जवळ जाऊन बघितलं तर हरळी. खारेपणा सोसण्यात तिचा हात धरणारी फार थोडी गवतं आहेत.