पाय ओढणारा मित्र की शत्रू?

‘अरे, आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग!’ इंग्रज सहकारी हसत हसत म्हणतो आणि मराठी कान दचकतो. आपल्याकडे पाय ओढतो तो वर चढणाऱ्याला खाली खेचणारा हितशत्रू. इंग्रजीत पाय ओढतो तो थट्टा करणारा दोस्त.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, हे ऐकून आपण चक्रावतो खरे. पण मरणाचा विषय चालू असताना बादली कुठून आली, असा संशय तरी येतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या वाक्प्रचाराबद्दल तोही येत नाही. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेनेझुएलाच्या 12 विद्यार्थ्यांना इंग्रजी वाक्प्रचार दिले होते. स्पॅनिशशी हुबेहूब जुळणारे त्यांना सर्वांत सोपे गेले. थोडे वेगळे असलेलेही जवळपास तितकेच समजले. पण वापरायची वेळ आली की मध्येच स्पॅनिश डोकवायची.

मातृभाषेत आपण वाक्प्रचार सुटा करून ऐकतच नाही. ‘गाशा गुंडाळला’ म्हणताना खोगिरावरचं आच्छादन कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? अख्खा गठ्ठा एकदम उचलला जातो. डेव्हिड स्विनी आणि अ‍ॅन कटलर या संशोधकांनी 1979 मध्ये हे वेळ मोजून दाखवलं. दाखवलेल्या शब्दसमूहाला अर्थ आहे की नाही, एवढंच सांगायचं होतं. इंग्रजीभाषकांनी साध्या शब्दसमूहांपेक्षा वाक्प्रचारांना लवकर ‘हो’ म्हटलं. शिकणाऱ्याचा गठ्ठा मात्र अजून बांधलेला नसतो. 2011 मधल्या एका प्रयोगात वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’सारखे शब्द मातृभाषकांनी नव्या शब्दसमूहांपेक्षा भराभर वाचले. परभाषकांना दोन्हींना सारखाच वेळ लागला, आणि ‘दिवस संपताना’ या सरळ अर्थापेक्षा ‘शेवटी काय तर’ या अर्थाशी ते जास्त रेंगाळले.

सगळे गठ्ठे सारखे घट्ट नसतात म्हणा. ‘स्पिल द बीन्स’मध्ये सांडणं म्हणजे फोडणं आणि बीन्स म्हणजे गुपित, अशी वाटणी करता येते, म्हणून ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ही चालतं. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की कुणी मरत नाही, बादलीच कलंडते.

मग पाठांतर करायचं? बेल्जियमचे भाषाअभ्यासक फ्रँक बूर्स आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना आधी ओळखायला लावत: हा वाक्प्रचार कुठून आला असेल, खेळातून, स्वयंपाकघरातून, की समुद्रावरून? त्यामुळे तो जास्त लक्षात राहतो, असं त्यांना दिसलं. ‘शो समवन द रोप्स’ म्हणजे नवख्याला काम शिकवणं. शिडाच्या जहाजावर आलेल्या नव्या खलाशाला पहिल्यांदा हेच दाखवावं लागे: कुठला दोर कुठल्या शिडाचा.