गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन का उतरतं?

उलट्या थांबतात, तोंडाला चव येते, आणि नेमकं तेव्हाच हिमोग्लोबिन घसरतं. पहिल्या तपासणीत 12 असलेला आकडा चौथ्या महिन्यात 11 च्या आसपास येतो आणि घरात सुरू होतं, "ही काही खातच नाही!"

खाण्याचा दोष दरवेळी नसतो. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो (पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेही), आणि ही पोकळी भरायला मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. नवव्या महिन्यापर्यंत रक्ताचं आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. त्यात पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, आधी आणि जास्त वाढतो. हिमोग्लोबिन ज्यांत असतं त्या तांबड्या पेशी मागून येतात. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, तसंच. डाळ तेवढीच, पण वाटीत पातळ दिसते.

म्हणून निर्धास्त राहावं का? मुळीच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना ॲनिमिया (रक्तक्षय) आढळला, आणि तो नुसत्या पातळपणाचा नव्हे. आपल्याकडे 11 च्या खाली ॲनिमिया धरतात; जागतिक आरोग्य संघटना दुसऱ्या तिमाहीसाठी 10.5 ही रेघ मानते. संपूर्ण गरोदरपणाला साधारण 1000 मिलिग्रॅम लोह लागतं, त्यातलं निम्मं आईच्याच नव्या तांबड्या पेशींत जातं. नुसत्या बीट-खजुरावर ते भागत नाही. आशाताई देतात त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, निदान 180 दिवस. शौचाला काळं होतं म्हणून बायका ती घाबरून सोडतात. तो रंग न शोषलेल्या लोहाचा. चहाबरोबर मात्र ती घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते बाळ अजून शंभर ग्रॅमच्याही आत असतं. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे चौदा आठवड्यांचा गर्भ खरा बाराच आठवड्यांचा. डोक्यापासून ढुंगणापर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर. आतडी नुकतीच नाळेतून पोटात परतलेली असतात. मूत्रपिंडं लघवी बनवू लागलेली असतात आणि ती गर्भजलात मिसळते. बाळ तेच गिळतं, पुन्हा बाहेर टाकतं. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण घाण वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तात जाते, त्यामुळे हे पाणी स्वच्छच असतं. बोटांच्या टोकांवर याच काळात रेषा उमटत असतात. जुळ्या एकसारख्या भावंडांच्याही त्या वेगळ्या निघतात.

ऐकू येतं का? अभिमन्यूची गोष्ट सांगणाऱ्यांनी थोडं थांबावं. आवाजाला ठळक प्रतिसाद पाचव्या-सहाव्या महिन्याच्या पुढे दिसतो.

हातपाय मात्र केव्हाचे हलत असतात, सोनोग्राफीत दिसतातही. आईला ते कळत नाही, कारण धक्का पोहोचण्याइतकं बाळ मोठं नसतं. पहिलटकरणीला 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास हालचाल जाणवते, आधी बाळंतपण झालेलीला दोनेक आठवडे अगोदर. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशीर लागतो, आणि सुरुवातीला बऱ्याच जणींना तो पोटातला गॅसच वाटतो.