रामन वर्णपटविज्ञान

लेसरचा एकरंगी प्रकाश पदार्थावर टाकून, विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या तरंगलांबीवरून रेणू ओळखण्याची पद्धत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात या प्रकीर्णनाचा (प्रकाश विखुरण्याच्या या प्रकाराचा) शोध लावला आणि १९३० साली रामन यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगाचाच असतो. साधारणपणे एक कोटी फोटॉनांतला (प्रकाशकणांतला) एखादाच रेणूच्या कंपनाला ऊर्जा देऊन, किंवा क्वचित त्याच्याकडून घेऊन, वेगळ्या तरंगलांबीने बाहेर पडतो. कंपनांची ऊर्जा अणूंच्या वजनावर आणि त्यांच्या बंधांवर ठरत असल्याने हा फरक प्रत्येक रेणूचा स्वतःचा असतो. रामन यांच्यापुढे सूर्यप्रकाश आणि पाऱ्याचा दिवा एवढेच स्रोत होते. १९६० मध्ये लेसर आला आणि हा अतिक्षीण प्रकाश मोजणे सुकर झाले.

बेळगाव सीमाभागातल्या चिकोडी-हुक्केरी पट्ट्यात पिकणाऱ्या उसाचे उदाहरण घेता येईल. रसात सुक्रोजसोबत थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. या शेवटच्या दोघांचे रेणुसूत्र एकच, C₆H₁₂O₆. निव्वळ अणू मोजून त्यांत भेद करता येत नाही. मात्र ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकल्यास पाण्यातल्या फ्रुक्टोजची एक ठळक रेषा सुमारे ५५० नॅनोमीटरवर, तर ग्लुकोजची सुमारे ५६६ नॅनोमीटरवर दिसते. पाणी स्वतः फारच कमी रामन प्रकाश देते आणि काच लेसरला अडवत नाही, म्हणून रस बाटलीतून न काढताही तपासता येतो. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच.

काकवी आणि गूळ मात्र कठीण नमुने आहेत. गुऱ्हाळातल्या काहिलीत रस आटताना तयार होणारी तपकिरी द्रव्ये लेसरखाली स्वतःच चमकतात. या अनुस्फुरणात रामन रेषा बुडून जातात. अशा वेळी ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरतात, कारण त्याने अनुस्फुरण बरेच घटते. शिवाय किरण फार तीव्र ठेवला, तर गडद गुळावर करपलेला ठिपका उमटू शकतो.

मिळालेला वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीवर किती प्रकाश आला याचा आलेख, ज्ञात पदार्थांच्या वर्णपटांशी ताडून रेणू निश्चित करतात. अल्प प्रमाणातील रेणूंसाठी नमुना चांदीच्या किंवा सोन्याच्या खडबडीत पृष्ठावर ठेवला असता संकेत कित्येक पटींनी वाढतो; हा परिणाम १९७४ मध्ये प्रथम नोंदला गेला.