‘मारत नाही, पण…’ : जाचाला कायद्यात नाव मिळालं ते असं

कौटुंबिक घटना अहवाल नावाचा एक सरकारी नमुना आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तो तक्रार घेऊन आलेल्या बाईला विचारून विचारून भरतात. त्यात मारहाणीचे रकाने आहेत, तसेच इतरही आहेत. घरखर्चाला पैसे देत नाहीत का? औषधपाणी, कपडालत्ता नाकारतात का? नोकरी सोडायला लावली का? मुलगा झाला नाही म्हणून बोल लावतात का? माहेरच्यांना किंवा आणखी कोणाला भेटू देत नाहीत का? समोर बसलेली बाई बहुतेकदा सुरुवात करते ती ‘मारत नाही हो, पण…’ अशी. त्या ‘पण’च्या पुढचं सगळं कागदावर यायला या देशाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

बायकांजवळ शब्द नव्हते असं नाही. जाच, सासुरवास, टाकून बोलणं, उपाशी ठेवणं, माहेर तोडणं, हे सगळं जात्यावर गायलं जात होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवासाचं दुःख ठायी ठायी भेटतं. भल्या पहाटे, पीठ पडत असताना सांगितलेलं ते गाऱ्हाणं कोर्टाच्या कामाचं मात्र नव्हतं.

कोर्टात पहिला मोठा आवाज उमटला तो मुंबईत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 साली दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पुढे अपिलात निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. मला या खटल्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची मागणी. नवऱ्याने मारलं अशी त्यांची तक्रारच नव्हती. माझ्या मनाविरुद्ध मला कोणाच्या घरी पाठवता येणार नाही, एवढंच त्या म्हणत होत्या. संमती नसताना संसार ही स्वतःच एक जबरदस्ती आहे, हे म्हणणं 1887 मध्ये कायद्याच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर 1961 मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला आणि बराच काळ कागदावरच राहिला. त्यानंतरच्या दोन दशकांत स्टोव्हच्या भडक्यात गेलेल्या सुनांच्या बातम्या इतक्या सवयीच्या झाल्या की स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. या काळातलं पुण्याचं एक प्रकरण विसरता येत नाही. फेब्रुवारी 1982 मध्ये लग्न झालेली एक तरुणी जून 1982 मध्ये सायनाइडच्या विषाने गेली. मधल्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती : नवऱ्याचं तुटक वागणं, घरातलं एकटेपण, मनाची घुसमट. खुनाचा खटला चालला. खालच्या कोर्टात फाशी झाली, हायकोर्टाने ती कायम केली. जुलै 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं, कारण पुराव्याची साखळी पुरी होत नव्हती आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. निकाल खुनाच्या कायद्यापुरता होता आणि तो तसाच वाचायला हवा. पण ती पत्रं पुन्हा डोळ्यांसमोर येतात. जिवंतपणी ती पत्रं घेऊन ती कुठे जाणार होती? मरेपर्यंत तिच्या त्रासाला गुन्हा म्हणणारं कलमच जवळपास नव्हतं.

ते कलम 25 डिसेंबर 1983 पासून लागू झालं : भारतीय दंड संहितेचं 498-अ. नवरा आणि त्याच्या नातेवाइकांच्या ‘क्रूरते’त शरीराबरोबर मनाच्या आरोग्याला होणारी गंभीर इजाही मोजली गेली. 1986 मध्ये हुंडाबळीचं वेगळं कलम आलं. त्याच सुमारास, 1984 मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसते आणि गुन्हा नोंदवण्याआधी बाईचं नीट ऐकून घेते, ही कल्पना तेव्हा नवी होती. संगमनेरसारख्या ठिकाणी परित्यक्ता संघटित होऊ लागल्या, आणि त्यांचे प्रश्न मारहाणीपलीकडचे निघाले. नाव कुणाच्या रेशनकार्डावर? पोटगी कोण देणार? राहायचं कुठे?

498-अ कडे याची उत्तरं नव्हती. तिथे एकच वाट होती, नवऱ्यावर फौजदारी. गुन्हा दाखल केला की त्याच रात्री घर सुटायचं. कित्येक जणी म्हणायच्या, त्यांना आत टाकू नका, मला फक्त घरात राहू द्या आणि त्रास थांबवा. हे साधं मागणं मांडायला दिवाणी स्वरूपाचा कायदा हवा होता. वकील इंदिरा जयसिंग आणि लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने त्याचा मसुदा तयार केला. 2002 मध्ये सरकारने संसदेत आणलेलं विधेयक मात्र भलतंच निघालं. बाईवर हल्ला ‘सवयीने’ झाला तर हिंसा. आणि पुरुषाने स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी केलं असेल तर त्याला सूट. म्हणजे एकदा हाड मोडलं तर पुरेसं नाही! संघटनांनी रान उठवलं, विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं.

मग 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसेची चार रूपं आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. स्त्रीधन काढून घेणं, घरातल्या वस्तू विकून टाकणं, तिच्या प्रिय माणसाला इजा करण्याची वारंवार धमकी देणं, हेही त्यात आलं. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रियांनाही दाद मिळाली. ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा हक्क मिळाला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. जेमतेम दोन महिन्यांत, डिसेंबर 2006 मध्ये, सुप्रीम कोर्टाने बत्रा प्रकरणात सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला तसा हक्क सांगता येणार नाही असा अर्थ लावला. आपल्याकडे घर बहुधा सासू-सासऱ्यांच्याच नावावर असतं, त्यामुळे कित्येक सुना पुन्हा दाराबाहेर राहिल्या. तो अर्थ बदलायला ऑक्टोबर 2020 उजाडलं, सतीश अहुजा प्रकरणाचा निकाल येईपर्यंत.

घटना अहवालातल्या लैंगिक हिंसेच्या भागात जबरदस्तीच्या संभोगाचाही रकाना आहे. बायको त्यावर खूण करू शकते, मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश घेऊ शकते, आणि नवऱ्याने तो मोडला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कृत्यासाठी बलात्काराचा गुन्हा मात्र तिला नोंदवता येत नाही. बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याला असलेली सूट 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये तशीच ठेवली आहे.