यकृतातली गाठ जाळताना हिशेब रक्तापाशी अडतो

यकृतातली साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आता पोट न उघडताही जाळता येते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत सुईसारखी अँटेना गाठीत नेतात आणि बहुधा २.४५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी सोडतात. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याच या लहरी. त्यांच्या मागे पेशींमधल्या पाण्याचे रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा वळू पाहतात आणि ऊतक तापतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताचं वांगं सालीकडून आत शिजतं. इथे जाळच गाभ्यात असतो.

६० अंश सेल्सिअसला पेशी जवळजवळ लगेच मरते, ५० अंशांना काही मिनिटं लागतात. म्हणून किती तापलं, एवढं पुरत नाही. किती वेळ तापलं तेही मोजावं लागतं. शिवाय गाठीभोवतीची ५ ते १० मिलिमीटरची निरोगी कडही जळायला हवी, नाहीतर गाठ परत येते.

गाठ जाळण्याआधीच हे संगणकावर मांडून बघायला १९४८ साली हॅरी पेन्स यांनी दिलेलं समीकरण आजही वापरतात. त्यांनी माणसांच्या हातांत, कोपराखाली, तापमापक तारा घालून मोजमापं घेतली होती. लहरींनी दिलेली उष्णता, ऊतकातून पसरणारी, रक्ताने वाहून नेलेली, असा तो जमाखर्च. चयापचयाची उष्णताही त्यात असते, पण इथे ती नगण्य.

खरी गोम रक्तात आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा रक्तच अंगातली उष्णता कातडीकडे नेतं आणि घाम ती उडवतो, म्हणून आपण टिकतो. यकृतातही रक्त तेच काम करतं, फक्त डॉक्टरांच्या विरोधात. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त तिथून जातं, तेही ३७ अंशांचं. पेन्स यांनी रक्त सगळीकडे सारखं झिरपतं असं धरलं. केशवाहिन्यांपुरतं ते चालतं. पण गाठीला लागून ३ मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी असली की तिच्या कडेच्या पेशी थंड राहून वाचू शकतात. अशी वाहिनी रुग्णाच्या स्कॅनवरून गणितात वेगळी काढावी लागते.

त्यात आकडे जागेवर राहत नाहीत. ऊतक शिजलं की तिथलं रक्त थांबतं. १०० अंशांना पाण्याची वाफ होते, कोरडं ऊतक आकसतं आणि लहरी कमी शोषतं. यकृत चरबीचं की सिरोसिसचं, म्हणजे व्रणांनी घट्ट झालेलं, यानेही फरक पडतो.

उपकरणासोबत येणारे 'इतके वॅट, इतकी मिनिटं, इतका व्यास' असे तक्ते अनेकदा कत्तलखान्यातून आणलेल्या यकृतावर मोजून केलेले असतात. त्यात रक्त वाहत नसतं. जिवंत माणसात जळलेला भाग बहुतेकदा त्याहून लहान निघतो, आणि माझ्या मते गणिताची गरज नेमकी या तफावतीसाठी आहे.