लिंबाची साल, थर्माकोल आणि मिग-२१

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने हवाई दलाचा निरोप घेतला. महाराष्ट्रात त्या बातमीला जरा जास्तच ओलावा होता. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं वर्षानुवर्षं तयार झाली. कुणाचे वडील तिथे कामाला, कुणाचे मामा. निरोपाचे व्हिडिओ पाहून आमच्या ओळखीतल्या काही मुलांनी मिगचं प्लास्टिकचं मॉडेल करायला घेतलं आणि माझ्याकडे प्रश्न आला तो ठरलेला: "काका, फेविक्विकने चिकटेल ना?"

चिकटेल की. पण विमानाच्या मॉडेलचे भाग मुळात चिकटवायचेच नसतात. ते एकमेकांत मुरवून त्यांचा एकच तुकडा करायचा असतो. नीट जमलं तर सांधा कुठे होता हे भिंग लावूनही सापडत नाही. हे कसं घडतं, ते मला या सगळ्या छंदातलं सर्वांत देखणं विज्ञान वाटतं. त्यामुळे रंग, डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) वगैरे मंडळींना आज थोडी कमी जागा मिळेल.

आधी खोक्यात काय असतं ते पाहू. प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात, आणि त्यांना पंख, चाकं, शेपूट, वैमानिकाची खुर्ची असे सुटे भाग लटकलेले असतात. नेहमीचं माप १/७२. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलचे पंख दहा सेंटिमीटरच्या आतच. धड येतं डाव्या-उजव्या अशा दोन फाकांत. त्या जोडल्या की पाठीवर आणि पोटावर नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ उरते. तिला सगळे सीम म्हणतात. आपल्या हवाई दलाची सुरुवातीची बरीच मिग विमानं रंग न दिलेल्या, चकचकीत धातूच्या अंगाची होती. तशी करायची तर चंदेरी रंग द्यावा लागतो, आणि चंदेरी रंगाइतका चुगलखोर रंग दुसरा नाही. केसाएवढी फट असली तरी ती प्रकाशात चमकून उठते.

आता थर्माकोल. गणपतीचं मखर ज्यांनी थर्माकोलचं केलंय (२०१८च्या बंदीच्या आधी, असं समजू या) त्यांच्यापैकी निदान एकाने तरी हौसेने त्यावर सोनेरी स्प्रे मारला असेल आणि मखराला डोळ्यांदेखत खड्डे पडताना पाहिले असतील. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन, त्यात जवळजवळ सगळी हवाच. मॉडेलचं कडक प्लास्टिकही बहुतेक वेळा पॉलिस्टायरिनच, फक्त हवा न भरलेलं. स्प्रेमधल्या द्रावकाने मखराची जी वाट लावली, तीच करामत थेंबाथेंबाने आणि हव्या त्या जागी करायची, की झालं मॉडेल सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा पातळ द्रव.

सुरुवातीला हे प्लास्टिक नव्हतंच. १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीच्या पेंग्विन मालिकेतली प्लास्टिकची विमानं निघाली ती सेल्युलोज ॲसिटेटची, आणि ती कालांतराने वाकायची. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन स्वस्त झालं आणि १९५३ साली एअरफिक्स कंपनीचं १/७२ मापातलं स्पिटफायर लढाऊ विमान बाजारात आलं. त्याच १९५३ साली हर्मन श्टाउडिंगर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्लास्टिक, रबर यांचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या असतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात मांडलं होतं आणि तेव्हाच्या मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांनी ते उडवून लावलं होतं. श्टाउडिंगर ज्या पदार्थांवर काम करत होते त्यांतलं एक पॉलिस्टायरिनच.

तर ती साखळी. मॉडेलच्या प्लास्टिकमधली एकेक साखळी साधारण दोन-तीन हजार स्टायरिन रेणूंची असते. तिच्या कण्यावर एकाआड एक कार्बनला बेंझिनचं जाडजूड कडं लटकलेलं असतं, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, काही शिस्त नाही. शिस्त नसल्यामुळे साखळ्यांना स्फटिकासारखं ओळीने रचून बसता येत नाही. पातेल्यात शिजवलेल्या शेवया गार झाल्यावर जशा एकमेकींत गुंतून घट्ट बसतात, तशा त्या बसतात. सुमारे १०० अंश सेल्सियसच्या खाली हा गुंता थिजलेला असतो. त्याच्या वर साखळ्या वळवळू लागतात आणि प्लास्टिक रबरासारखं मऊ होतं. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पुढची सगळी गंमत याच एका आकड्यात आहे.

पातळ सिमेंटमध्ये सहसा ॲसिटोन, ब्यूटाइल ॲसिटेट असे द्रावक असतात. त्यांचे रेणू लहान आणि स्वभावाने पॉलिस्टायरिनशी जुळणारे. ते साखळ्यांच्या मधे शिरतात, त्यांना एकमेकींपासून थोडं सुटं करतात आणि त्या जागेपुरतं काच-संक्रमण तापमान १०० अंशांवरून खोलीच्या तापमानाच्याही खाली आणतात. कुठेही आच नाही, दिवा नाही, तरी त्या पातळ थरातलं प्लास्टिक जिवंत होतं. आता दोन्ही फाका एकमेकींवर दाबल्या की डावीकडच्या साखळ्यांची टोकं उजवीकडे शिरायला लागतात आणि उजवीकडची डावीकडे.

शिरतात कशा, याचं उत्तर फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली दिलं (नोबेल १९९१, भौतिकशास्त्राचं). साखळीला आडवं सरकता येत नाही, कारण चहूबाजूंनी इतर साखळ्यांचा वेढा. ती फक्त आपल्याच लांबीच्या दिशेने सरपटू शकते. या हिशेबाने साखळी दुप्पट लांब असेल तर वेढ्यातून सुटायला तिला आठपट वेळ लागतो. प्रत्यक्ष प्रयोगात तर दहापटीच्याही वर, कारण घातांक ३ नसून ३.४च्या आसपास निघतो. हा फरक का, यावर बरीच वर्षं काथ्याकूट झाला. वेढा घालणाऱ्या साखळ्या स्वतःही हलत असतात आणि टोकांची वळवळ वेगळी मोजावी लागते, असं त्याचं उत्तर. हे डोक्यावरून गेलं तरी पुढे वाचायला हरकत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: सांधा पूर्ण ताकदीचा व्हायला साखळ्यांना फार लांब जावंच लागत नाही. दहा-पंधरा नॅनोमीटर पुरतात. केसाच्या जाडीचा हा साधारण पाच-सहा हजारावा भाग. एवढं अंतर ओलांडून त्या पलीकडच्या गुंत्यात अडकल्या, की मग द्रावक उडून जातो, काच-संक्रमण तापमान पुन्हा चढतं आणि सगळं जागच्या जागी थिजतं. आता डावी फाक आणि उजवी फाक असं काही उरलेलंच नसतं.

फेविक्विक हे करत नाही. ते सायनोॲक्रिलेट. पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा स्पर्श होताच त्याच्या स्वतःच्या साखळ्या तयार होतात आणि दोन भागांच्या मधे तिसऱ्याच पदार्थाचा कडक, ठिसूळ थर बसतो. पॉलिश पेपर फिरवताना हा थर आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि चंदेरी रंगाला चुगली करायला विषय मिळतो.

प्रत्यक्ष टेबलावर हे असं दिसतं. दोन्ही फाका कोरड्याच जुळवून धरायच्या. ब्रशचं टोक सिमेंटमध्ये बुडवून बाटलीच्या काठाला निथळायचं आणि सीमला नुसतं टेकवायचं. सिमेंट स्वतःच रेघेतून धावत जातं, तीन-चार सेंटिमीटर तर सहज. हे केशाकर्षण, फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. म्हणून "फट मोठी आहे, जरा जास्त सिमेंट लाव" हा सल्ला उलटा आहे. आणि बोट सीमवर असेल तर सिमेंट बोटाखालीही धावतं. मग मिगच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो, अगदी आधार कार्डाला लावावा इतका स्पष्ट. अर्ध्या मिनिटाने फाका हलकेच दाबल्या की सीममधून मऊ प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. तो आला म्हणजे काम झालं. त्याला हात लावायचा नाही.

किती वेळ? इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वरचा थर आधी सुकतो, आणि सुकला की पुन्हा काचेसारखा होतो. आतल्या द्रावकाला आता याच थिजलेल्या झाकणातून बाहेर पडायचं असतं. विसरणाचा, म्हणजे रेणूंनी पसरत बाहेर पडण्याचा, वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: मऊ थर दुप्पट जाड, तर वेळ चौपट. हाताला कोरडा लागलेला सांधा आत ओलाच असतो. तो घासून गुळगुळीत केला, रंगवला, की पुढच्या काही आठवड्यांत उरलेला द्रावक जातो, प्लास्टिक आकसतं आणि रंगाखालून सीमची पुसट खाच पुन्हा वर येते. मी निदान दोन दिवस थांबतो, जाड सिमेंट वापरलं असेल तर आठवडाभर.

या द्रावकांत एक आपल्या स्वयंपाकघरातलाही आहे: लिमोनीन, लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल. संत्र्याची साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळा, शिंतोडे पडतील तिथे खळगे पडतील. लिमोनीन असलेलं मॉडेल सिमेंट बाजारात मिळतं, वासाला छान असतं. पण म्हणून ते 'केमिकल-फ्री' किंवा 'नॅचरल म्हणजे निर्धोक' होत नाही. हवेत जुनं झालेलं लिमोनीन काहींच्या त्वचेला चांगलंच झोंबतं. खिडकी इथेही उघडीच हवी. थर्माकोलच्या कपातल्या लिंबाच्या चहाने कॅन्सर होतो असा एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरत असतो. त्यात दोष लिंबाच्या आम्लाला दिलेला असतो, पण सायट्रिक आम्ल पॉलिस्टायरिनला काहीही करत नाही. कप खरवडला जातो तो चहात साल टाकली तर, तेलामुळे. आणि २०१९च्या दसऱ्याला फ्रान्समध्ये पहिलं राफेल ताब्यात घेताना त्याच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती, ते आठवतं ना? लिंबाचा विमानावर खरोखर परिणाम हवा असेल तर विमान १/७२ मापाचं घ्यावं आणि साल पिळावी.

कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची, गोष्ट वेगळी. तीही बहुधा पॉलिस्टायरिनचीच, पण तिथे सिमेंट नको. साच्यात गरम प्लास्टिक प्रचंड दाबाने ढकललं जातं, साखळ्या ताणल्या जातात आणि तशाच थिजतात. द्रावक लागला की तो ताण वाट मिळेल तिथून मोकळा होतो आणि काचेवर बारीक चिरांचं जाळं पसरतं. फेविक्विकही नको: त्याची वाफ आतल्या ओलाव्याशी जुळून पांढरं धुकं बसवते. गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळेत बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. इथे आपला साधा पांढरा फेविकॉल उत्तम. तो पाण्यातला, प्लास्टिकला अजिबात डिवचत नाही, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून सांडला तर ओल्या बोटाने पुसता येतो.

रंगाचं थोडक्यात. लॅकर जातीचे रंग प्लास्टिकला किंचित चावतात, म्हणून घट्ट बसतात. यंत्रणा वरचीच, फक्त सौम्य. हार्डवेअरच्या दुकानातलं, रंग पातळ करायचं एनसी थिनर मात्र चावत नाही, गिळतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे लॅकरवर दुधी साय धरते, कारण द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. उपाय एकच, उघडीप मिळेपर्यंत थांबणे. आणि पत्र्यांच्या जोडरेषा काळ्या रंगाने ठसठशीत भरायची जी फॅशन आहे तिच्यावर माझा राग आहे. मॉडेलवरची ०.२ मिलिमीटरची खाच ७२ने गुणा: चौदा मिलिमीटर. खऱ्या मिगच्या अंगावर एवढ्या फटी असत्या तर त्याला उडायची परवानगीच मिळाली नसती.

काम संपल्यावर उरलेला स्प्रू फेकू नका. मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडं वर धरून फिरवत राहिलं की तो १०० अंशांच्या पुढे जातो, लिबलिबीत होतो. ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोकं एका दमात ओढायची, केसापेक्षा बारीक तार निघते. भारतीय हवाई दलाचं पहिलंवहिलं विमान, ते दुपंखी वापिती, कधी करायला घेतलंत तर दोन पंखांमधल्या तारांना हीच वापरायची. जोडल्यावर ती थोडी सैल पडते. मग पेटलेली उदबत्ती तिच्याजवळ न्यायची. ओढताना ताणलेल्या आणि तशाच थिजलेल्या साखळ्या उष्णतेने पुन्हा गुंडाळी करू पाहतात, तार आखडते आणि तंबोऱ्याच्या तारेइतकी ताठ होते. उदबत्ती टेकवली तर तार तुटते. साधारण सेंटिमीटरभर अंतर ठेवायचं आणि ताठ झाली की लगेच हात मागे.