इनर फार्न बेटावरील चॅपेल

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड किनाऱ्यापासून सुमारे अडीच किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, इनर फार्न हे खडकाळ बेट आहे. संत कथ्बर्ट इथे एकांतात राहिले आणि २० मार्च ६८७ रोजी इथेच वारले. आज दिसणारी बांधकामे बरीच नंतरची. तेराव्या शतकात डरहम शहरातल्या बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या मठाने बेटावर शाखा काढली. तिथे बहुधा दोनच साधू असत, तरी चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहे, मात्र दोन होती. कथ्बर्ट यांच्या नावाचे १३७०च्या सुमारास पुरे झाले, दुसरे मेरीचे. शेजारचा दगडी मनोरा डरहमचे मठप्रमुख टॉमस कॅसल यांनी १५००च्या सुमारास बांधला.

१५३६मध्ये बेटावरची ही शाखा बंद झाली आणि पडझड सुरू झाली. अशा जागी भिंतीआधी छप्पर जाते. मग पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यातून आत मुरते, चुना धुऊन नेते. वाऱ्याबरोबर आलेले खारे तुषार दगडात शिरतात. दगड वाळला की मिठाचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रे सुटतात. सांध्यात सिमेंट भरले तर ओल आतच कोंडते आणि दगड अधिकच झिजतो. म्हणून दरज, म्हणजे दगडांमधली सांध्याची फट, चुन्यानेच भरावी लागते.

मनोरा वापरात राहिला म्हणून टिकला. अठराव्या शतकात त्याच्या माथ्यावर कोळशाचा जाळ पेटवून जहाजांना इशारा देत. १८११मध्ये स्वतंत्र दीपगृह आले. कथ्बर्ट यांच्या चॅपेलचा जीर्णोद्धार १८४०च्या दशकात झाला, तेव्हा डरहम कॅथेड्रलमधले सतराव्या शतकातले कोरीव लाकूडकाम आणून आत बसवले. आज आत गेल्यावर मध्ययुगीन भिंतीआधी नजरेत भरते ते हेच काळपट लाकूड. मेरीच्या चॅपेलला असे भाग्य लाभले नाही. त्याच्या उरलेल्या भागात आता पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे.

१९२५पासून बेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मे ते जुलै आर्क्टिक टर्न जातीचे सुरय पक्षी वाटेच्या कडेला, थेट जमिनीवर अंडी घालतात आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात, टोपी हवीच. दुरुस्तीचे वेळापत्रकही तेच ठरवतात. पक्षी ऑगस्टमध्ये उडून गेल्याशिवाय बाहेरच्या भिंतींना हात लावणे योग्य नाही, आणि ताजा चुना थंडीत गोठला तर भुसभुशीत होऊन गळतो. मधल्या जेमतेम दोन-तीन महिन्यांत दरज भरून ओल्या गोणपाटाने झाकायची, नाहीतर समुद्रवारा चुना मुरण्याआधीच सुकवतो.